विश्लेषण : एसीला पाच स्टार, पण घराला किती?

उन्हाळा तोंडावर आला की एसी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक आधी स्टार मोजते. तो एसी ज्या खोलीत बसणार तिच्यावर उघडी स्लॅब आहे, भिंत पश्चिमेची आहे आणि खिडकीवर छज्जा नाही, हे मात्र कोणी मोजत नाही. पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. रात्री अकरालाही भिंत गरम लागते, कूलर बंद करता येत नाही. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने ही वाढीव युनिटे नेमकी महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. मग घरालाच स्टार का नसावेत? ते आहेत. पण ते मोजताना आधी गाव विचारले जाते.

घराचे मोजमाप कोण करते?

एसी-फ्रिजवर स्टार देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनेच डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. पुढच्या वर्षी घरांसाठी एक ते पाच स्टारचे ऐच्छिक लेबलही आले. संहितेच्या पहिल्या भागात यंत्रांचा विचार नाही; भिंती, खिडक्या आणि छत यांतून उष्णता किती आत येते हे पाहिले जाते. त्यासाठी देशाचे पाच हवामान विभाग धरले आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात, मुंबई आणि रत्नागिरी उष्ण-दमट, नागपूर संमिश्र, तर बेंगळुरू समशीतोष्ण विभागात येते.

एकच घर, तीन शहरे

भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेच्या मापाला ‘आरईटीव्ही’ म्हणतात. थंड प्रदेश सोडून सगळीकडे त्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट आहे. एक साधे घर घेऊ : नऊ इंची विटांची प्लास्टर केलेली भिंत, चारही बाजू सारख्या, बाहेरच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के खिडक्या, साधी काच, छज्जा नाही. संहितेच्या सूत्रात हे आकडे टाकले तर बेंगळुरूत उत्तर सुमारे साडेतेरा येते, म्हणजे घर पास. मुंबईत तेच घर साडेसतराच्या आसपास जाते आणि आपल्याकडे जवळपास २० वर. नकाशा, वीट आणि काच तीच. बदलली ती फक्त हवा. बेंगळुरूतल्या बंगल्याचा फोटो मोबाइलवर दाखवून ‘असंच एलिव्हेशन पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आता दुरुस्ती. खिडक्यांवर छज्जे काढून काचेतून येणारे ऊन निम्म्यावर आणले, तर संभाजीनगरातला आकडा १६च्या जरा खाली उतरतो; थोडक्यात हुकतो. विटेऐवजी आठ इंची एएसी ब्लॉक वापरले तर चौदाच्या आत येतो. दोन्ही केले तर दहाच्याही खाली. हे ढोबळ गणित आहे, प्रत्येक घराचे वेगळे निघेल. पण त्यात दिशेला मोठे वजन आहे. आपल्या अक्षांशावर पश्चिमेची खिडकी उत्तरेच्या तेवढ्याच खिडकीपेक्षा सुमारे पावणेदोन पट जास्त धरली जाते.

खिडकी मोठी की लहान?

इथे दोन उष्ण हवामानांचे गणित उलटे होते. उघडता येणारी खिडक्या-दारे चटई क्षेत्राच्या किती टक्के हवीत? उष्ण-कोरड्या भागात किमान १०, संमिश्र भागात १२.५ आणि उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के. सहाशे फुटांच्या घरात आपल्याकडे ६० चौरस फूट पुरते, मुंबईत १०० लागते. दमट हवेत घाम वाळायला वारा खेळावा लागतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी खिडकी उघडली तर झळाच आत येतात. कोरड्या हवेमुळेच इथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो, मुंबईत तो खोली ओलसर करून सोडतो. एक खाच लक्षात ठेवावी : दोन काचांच्या सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडा धरला जातो.

वरच्या मजल्याचे काय?

आरईटीव्हीत छत येतच नाही. त्याची अट वेगळी : छताची ‘यू-व्हॅल्यू’, म्हणजे आत-बाहेर एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमधून झिरपणारी उष्णता, १.२ वॉटपेक्षा जास्त नको. सहा इंची उघड्या स्लॅबची तीनच्या वर जाते. गळती थांबवायला घातलेल्या वीटतुकड्यांच्या कोब्याने ती थोडी उतरते, पण १.२पर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी कोब्याखाली उष्णतारोधक फोमचे बोर्ड लागतात. ते बांधतानाच घालणे सोपे, नंतर कोबा फोडून घालणे खर्चिक. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचा थर हेच काम करत असे. मात्र पावसाळ्याआधी दरवर्षी माती टाकायला माणूस लागे, हेही खरे.

भाडेकरूला बोर्ड घालता येत नाहीत. घरमालक तयार असेल तर पांढरा परावर्तक रंग किंवा चुना गच्चीवर मारता येतो. त्याने यू-व्हॅल्यू बदलत नाही, पण स्लॅब मुळातच कमी तापते. अहमदाबादने उष्णता कृती आराखड्यात अशा छतांना जागा दिली, तेलंगणने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. धूळ बसली की परिणाम उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुणे आलेच.

आपल्या घराला हे लागू आहे का?

बहुधा नाही. संहितेचा पहिला भाग ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे. २०२२च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने निवासी इमारतीही कक्षेत आणल्या, पण १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते. म्हणजे हजार-पंधराशे फुटांच्या प्लॉटवरचे दुमजली घर, जे सर्वाधिक तापते, तेच नियमाबाहेर राहिले आहे. ऑस्ट्रेलियात नव्या घराला दहापैकी सात स्टारची अट आहे आणि त्यासाठी देशाचे ६९ हवामान विभाग पाडले आहेत. आपल्याकडे पाचच.

नियम नसला तरी सूत्र सर्वांसाठी खुले आहे. फ्लॅट बघायला जाल तेव्हा दुपारी चारला जा, पश्चिमेच्या भिंतीला हात लावा आणि बिल्डरला विचारा : आरईटीव्ही किती, आणि कोब्याखाली काय घातले आहे?