चार मेगाबाइटचा संसार

घराच्या कोपऱ्यात लुकलुकणारा इंटरनेटचा राउटर हाही एक संगणकच असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. परंतु प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि साऱ्याचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिमही असते. ठरावीक कामासाठी उपकरणातच बसविलेल्या अशा संगणकाला ‘एम्बेडेड’ प्रणाली म्हणतात. मेजावरील संगणकाची मेमरी बहुधा वाढविता येते; राउटरमध्ये मात्र ती डाख देऊन पक्की केलेली असते. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात.

लिंकसिस कंपनीचा २००२ च्या अखेरीस आलेला ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर याचे प्रसिद्ध उदाहरण. वीज गेली तरी मजकूर जपणारी फ्लॅश मेमरी अवघी ४ मेगाबाइट आणि काम चालू असताना लागणारी रॅम १६ मेगाबाइट. एवढ्या जागेत त्यावर लिनक्स चालत असे. २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला.

एवढ्या जागेत लिनक्स मावते कसे? पहिला उपाय म्हणजे काटछाट. त्या यंत्रात नसलेल्या भागांचे ड्रायव्हर कर्नेलमधून मुळातच वगळले जातात. दुसरा उपाय ‘बिझीबॉक्स’. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास फ्लॉपीवर मावेल अशा डेबियन लिनक्ससाठी तो रचला. फाइल दाखविणे, नक्कल करणे, पुसणे अशा प्रत्येक आज्ञेसाठी एरवी स्वतंत्र प्रोग्राम असतो. येथे त्या सर्व एकाच फाइलमध्ये नांदतात. ज्या नावाने हाक मारावी, ते काम ती फाइल करते. तिसरा उपाय ‘स्क्वॉशएफएस’. यात मूळ प्रणाली दाबून, आकुंचित स्वरूपात ठेवली जाते आणि लागेल तेवढाच भाग उलगडला जातो. वापरकर्त्याने केलेले बदल वेगळ्या थरात साठतात.

मात्र ही बचत फुकट नसते. अधिक मोठे तुकडे एकत्र दाबले, तर फ्लॅश वाचते, पण उलगडताना रॅम अधिक लागते. रॅममधील मजकूरच दाबून ठेवणारी ‘झेडरॅम’ ही सोय जागा देते, तर प्रोसेसरचा वेळ घेते. म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात!

यंत्राचे आयुष्यही याच हिशेबावर ठरते. २००५ मध्ये या राउटरच्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश २ आणि रॅम ८ मेगाबाइटवर आली. लिनक्सच्या जागी ‘व्हीएक्सवर्क्स’ ही आटोपशीर प्रणाली आली आणि लिनक्सप्रेमींसाठी कंपनीला ‘जीएल’ हे निराळे मॉडेल काढावे लागले. पुढे लिनक्सचा कर्नेलही वाढत गेला. ४ मेगाबाइट फ्लॅश किंवा ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या उपकरणांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही आवृत्ती अखेरची ठरली. तिची शेवटची सुधारणा २०२२ मध्ये आली.

असे अनेक राउटर आजही धडधाकट आहेत. परंतु त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजविणारी नवी आवृत्ती त्यांच्यात मावत नाही आणि घरातील सारी देवाणघेवाण तर त्यांच्यातूनच होते. म्हणून राउटर घेताना वेगाच्या आकड्यांबरोबरच फ्लॅश आणि रॅम किती, हेही विचारावे. आज वाचविलेले चार मेगाबाइट उद्या अख्खे यंत्र भंगारात काढू शकतात.