‘अजून काय अडतं, मावशी?’

“गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी करा, मिश्री सोडा.” आरोग्य शिबिरात ही तीन वाक्ये ऐकली नाहीत असे घर आपल्या वस्तीत सापडणार नाही. ऐकणारी बाई मान डोलावते आणि घरी जाते. पुढच्या शिबिरात तिचे बीपी तेवढेच असते. मग सांगणारे म्हणतात, “ही माणसे ऐकतच नाहीत.” वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांचा अनुभव वेगळा आहे. माणसे ऐकतात, पण त्यांचे ऐकून घेणारे फार थोडे असतात.

कोचिंग म्हटले की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. आरोग्याच्या कामात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. इथे शिकवण्यापेक्षा विचारायचे असते. एकच साधा प्रश्न न रागावता, घाई न करता पुन्हा पुन्हा विचारायचा आणि समोरच्या माणसाचे उत्तर त्याचे त्यालाच सापडू द्यायचे.

ही रीत जुनी आहे. ग्रीसमधल्या सॉक्रेटिसची आई सुईण होती. आपले कामही सुईणीचेच आहे, असे तो म्हणत असल्याचे प्लेटोने लिहून ठेवले आहे. बाळ सुईणीचे नसते, ते जगात यायला ती फक्त मदत करते. आपल्या काळात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे सार असे: आपण बदलाची बाजू घेऊन भांडलो की समोरचा माणूस न बदलण्याची बाजू घेतो. बदलायची कारणे त्याच्या तोंडून आली, तरच ती त्याला पटतात.

बोलणे कसे चालते?

बांधकामावर जाणारी, पन्नाशीतली एक मावशी डोळ्यासमोर आणा. बीपीची गोळी ती सलग घेत नाही. बोलणे साधारण असे होते:

“मावशी, गोळी घेताना काय अडतं?”
“काही नाही सिस्टर, इसरते.”
“बरं, विसरता. अजून काय अडतं?”
“कामाच्या दिवशी नकोच वाटती.”
“कामाच्या दिवशी नको वाटते. त्या दिवशी काय अडतं?”
“सारखं लघवीला लागतं. साइटवर आडोसा नाही. सगळीकडं गडीमाणसं.”
“अजून काय?”
मावशी थोडा वेळ गप्प राहते. “म्हणून मी पाणीबी पीत नाही. आन् आता बोलता बोलता ध्यानात आलं, ऐतवारी मी गोळी कधीच इसरत नाही.”

हे शेवटचे वाक्य कोणत्याही केसपेपरवर सापडणार नाही. ते मावशीलाही आधी ठाऊक नव्हते. ‘मी विसरभोळी’ असेच ती स्वतःला समजत होती. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते. त्यात उन्हात पाणी टाळले तर चक्कर येते, लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. हे डॉक्टरांना सांगितले तर ते गोळीची वेळ किंवा गोळीच बदलू शकतात. मनाने मात्र गोळी बंद करू नये.

‘का’ नको, ‘काय’ विचारा

जपानच्या टोयोटा कारखान्यात यंत्र बंद पडले की पाच वेळा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधायची पद्धत आहे. यंत्राला ते चालते. आपल्या माणसांना मात्र शाळेत, रेशन दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर आयुष्यभर ‘का’च विचारले गेले आहे. उशीर का? कागद का नाही? एवढी मुले का? त्यामुळे ‘का’ ऐकले की माणूस सफाई देऊ लागतो. ‘काय अडतं’, ‘कसं होतं’ असे विचारले की तो आठवू लागतो.

एक ‘का’ मात्र उपयोगी पडतो. मिश्री लावणाऱ्या ताईला विचारा, “मिश्री सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा.” ती म्हणाली ‘चार’, तर “चारच का?” असे म्हणू नका. “चार का, शून्य का नाही?” असे विचारा. आता ती स्वतःच कारणे सांगू लागेल: नातीला तोंडाचा वास येतो, हिरड्या जळतात, शेजारणीला तोंडाचा कॅन्सर झाला. मग पुन्हा विचारा, “अजून काय?” तिने सोडायचे ठरवले, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८०० ११२ ३५६ हा मोफत क्रमांक द्या. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, हेही सांगा.

एवढे सांभाळा

आधी परवानगी घ्या: “दोन-चार प्रश्न विचारू का?” सासू, नवरा, मुले समोर असताना विचारू नका. प्रत्येक उत्तरानंतर तिचेच शब्द तिला परत ऐकवा, मग गप्प राहा. त्या शांततेत आपले उत्तर घुसडू नका. तेच उत्तर पुन्हा येऊ लागले किंवा माणूस थकला, तर थांबा. ही पोलीस चौकशी नाही. बोलण्यात जीव देण्याचा विचार आला, तर प्रश्न बाजूला ठेवा, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. घरात मारहाण होत असेल, तर महिलांसाठी १८१ आहे.

शेवटी महत्त्वाचे. स्वतःला ओळखले म्हणजे सगळा दोष स्वतःकडे घ्यायचा, असे नाही. मावशीचे उत्तर तिच्या मनापाशी सुरू झाले आणि साइटवरच्या नसलेल्या संडासापाशी पोहोचले. बांधकाम कामगारांसाठी कामाच्या जागी पिण्याचे पाणी, संडास आणि मुतारीची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे एका गोळीच्या प्रश्नातून दोन कामे निघाली: एक डॉक्टरांकडचे, दुसरे ठेकेदाराकडचे. पहिल्यासाठी आम्ही मावशीसोबत दवाखान्यात जाऊ. दुसऱ्यासाठी साइटवरच्या सगळ्या बायांनी मिळून जावे लागेल.

या आठवड्यात घरातल्या एका माणसाला उपदेश न करता एवढेच विचारून पाहा: “काय अडतं?” आणि उत्तर आले की, “अजून काय?”