अढी केव्हां उघडावी?

कोकणांत हापूस आंबा झाडावर पिकूं देत नाहींत. फळ तयार झालें कीं तें हिरवें असतांनाच झेल्यानें देठासकट उतरवितात आणि घरांतल्या काळोख्या, कोरड्या जागीं भाताच्या पेंढ्यांत थरानें रचून ठेवतात. हीच आंब्याची अढी. ती घातली कीं घरांतल्या लहानथोरांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : अढी उघडावयाची केव्हां? प्रश्न दिसावयास साधा. परंतु वर्षाची चव आणि बागाइतदाराचा वर्षाचा पैसा या दोहोंचा निकाल त्याच्या उत्तरावर लागतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांत, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथें तिच्या दक्षिण तीरावर अंजनवेल हें गांव आहे. पैलतीरावर दाभोळ, अलीकडे टेकडीवर गोपाळगड, पायांखालीं जांभा दगड आणि अंगावर खारा वारा. अशा भूमींत हापूस मानवतो. पण त्याचा मोसम आंखूड. एप्रिल आणि मे हे त्याचे भर महिने. जूनच्या आरंभीं पाऊस दारांत उभा राहतो. एवढ्या अवधींत घरोघर फार तर चार-सहा अढ्या होतात. एक अढी चुकली कीं मोसमाचा मोठा वांटा गेला.

असाच प्रश्न यूरोपांत मद्याच्या बाटलीविषयीं पडतो. जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं रीसलिंग नांवाचें पांढरें द्राक्ष होतें. त्याचा लेखी उल्लेख १४३५ सालापर्यंत मागें जातो. अंगच्या आंबटपणामुळें त्याचें उत्तम मद्य बाटलींत वर्षानुवर्षें टिकतें; ताज्या फळाचा वास ओसरून मधासारखा, कधीं कधीं चक्क रॉकेलासारखा वास त्याला येतो. पण बाटलींत काय चाललें आहे तें बाहेरून कळत नाहीं, आणि बूच एकदां काढलें कीं काळ मागें नेतां येत नाहीं. म्हणून जाणते लोक एकाच सालच्या अनेक बाटल्या ठेवतात आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें एकेक उघडून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. अढीचें शास्त्रहि हेंच आहे. तेथें वर्षांच्या जागीं दिवस असतात, इतकेंच.

उतरविलेलें फळ निर्जीव नसतें. तें श्वास घेत असतें. त्याच्या गरांतील पिष्ट हळूहळू साखर होतें, आंबटपणा उतरतो, सालीचा हिरवा रंग जाऊन खालचा पिवळा वर येतो. पिकतांना फळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें आणि तो वायु शेजारच्या फळांना पिकण्याची घाई करतो. पेंढा ऊब धरतो व हा वायुहि कोंडून ठेवतो. म्हणून पिकण्यास आठ-दहा दिवस, कधीं त्याहून अधिक, लागतात. पण एकदां सुरुवात झाली कीं अढी भराभर पुढें जाते. सडकें फळहि शेजाऱ्याला तसेंच बिघडवितें. म्हणून चौथ्या-पांचव्या दिवशीं अढी उघडावी ती खाण्यासाठीं नव्हे, तपासण्यासाठीं. नासलेलें फळ काढावें, पुढें गेलेलें वेगळें ठेवावें, बाकीचीं उलटून पुन्हा झांकावीं.

खाण्याची वेळ ओळखतांना रंगावर एकट्यावर भरंवसा ठेवूं नये; साल पिवळी झाली तरी देठाजवळ गर कच्चा राहूं शकतो. पेंढा उचलतांच वास दरवळला पाहिजे आणि देठाजवळ हलक्या हातानें दाबल्यावर फळ किंचित् नमलें पाहिजे. तेथें कठीण लागलें तर एक-दोन दिवस थांबावें. सालीवर काळे ठिपके पसरूं लागले तर मात्र त्याच दिवशीं खावें. घाईपोटीं कार्बाइड वापरणें घातक आहे आणि कायद्यानेंहि त्यास बंदी आहे. उलट, कच्चें फळ फ्रिजमध्यें घातलें तर तें थंडीनें दुखावतें व पुढें नीट पिकत नाहीं. पिकल्यानंतरच त्याला थंडी सोसते.

नाक आणि बोटें एका ठिकाणीं मात्र हरतात. हापूसमध्यें साका होतो. वरून फळ निर्दोष; कापल्यावर आंत कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. यावर अढींत इलाज नाहीं. असलाच तर झाडावर आहे. कोकणांत आंबा ‘चौदा आणे’ झाला कीं उतरवितात, म्हणजे सोळा आणे पूर्ण होण्याच्या थोडा आधीं. फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असावे. पाण्यांत टाकलें तर तें बुडावें, कोंवळें फळ तरंगतें. याहून अधिक काळ झाडावर राहिलेल्या किंवा उतरविल्यावर तापल्या जमिनीवर उन्हांत पडलेल्या फळांत साक्याचें भय वाढतें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून काढलेली, १९८१ सालीं प्रसृत झालेली ‘रत्ना’ ही जात साक्यापासून मुक्त आहे. पण हापूसची ओढ असणाऱ्यानें निम्मा निर्णय झाडाखालींच घेतला पाहिजे.

उरलेला निम्मा निर्णय घरांतला, आणि तेथें चूक बहुधा उशिराची होते. पुष्कळ घरांत चांगला आंबा उद्यांसाठीं, पाहुण्यांसाठीं राखतात आणि आज डागाळलेला कापतात. उद्यां राखलेला डागाळतो, मग तोच कापावा लागतो. असें घर मोसमभर डागाळलेलाच आंबा खातें. थोर प्रसंगाची वाट पाहत ठेवलेल्या रीसलिंगच्या बाटलीचीहि गत अनेकदां हीच होते. एक दिवस आधीं कापलेलें फळ थोडें आंबट लागेल, त्याचा साखरांबा होईल, आणि बाकीच्या अढीची खरी बातमी तें देईल. दोन दिवस उशिरां कापलेलें फळ कांहींच देत नाहीं. म्हणून पहिला वास आला कीं अढी रोज उघडावी, आणि त्या दिवशीं जें फळ सर्वांत चांगलें असेल तें त्याच दिवशीं कापावें.