कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?

फॉलोअपला आलेल्या पेशंटच्या पिशवीतली औषधं टेबलावर काढली, की एक पाकीट हमखास जवळजवळ भरलेलं निघतं. ॲटोर्व्हास्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातल्या गोळीचं. उत्तर ठरलेलं असतं, ‘‘डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं ना? म्हणून बंद केली.’’ तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि मानेवर सहा-सात आठवडे शेक, हे सगळं नेटाने सोसलेला माणूस ही एक गोळी आपल्या मनाने सोडतो, तेव्हा जीव तुटतो.

रेडिएशनला आपण ‘शेक’ म्हणतो, त्यामुळे तो संपला की त्याचा परिणामही संपला असं वाटतं. तसं नाही. मानेला 60 ते 70 ग्रे इतका डोस दिला जातो, तेव्हा मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्याही त्याच वाटेत असतात. त्यांचं आतलं अस्तर दुखावतं, भिंत जाड आणि ताठ होत जाते, तिच्यावर चरबीचा थर बसतो. हे वर्षानुवर्षं चालतं. साठीच्या आत मानेवर रेडिएशन घेतलेल्या 367 जणांचा नेदरलँड्समधला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण अपेक्षेपेक्षा साडेपाच पट निघालं, आणि रेडिएशननंतर झटका यायला साधारण 11 वर्षं लागली होती.

म्हणजे प्रश्न धमनीच्या भिंतीचा आहे, नुसत्या रिपोर्टातल्या आकड्याचा नाही. आणि गोळी चालू असताना आकडा नॉर्मल येतो, तो बहुतेकदा गोळीमुळेच! स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतं, शिवाय धमनीतला दाह कमी करतं आणि साचलेला थर फुटू नये म्हणून त्याला बळकटी देतं. डोकं, मान किंवा छातीवर रेडिएशन घेतलेल्या हजारो रुग्णांच्या नोंदी कॅनडात तपासल्या गेल्या. 2019च्या त्या अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 32 टक्क्यांनी कमी दिसला. हा पुरावा जुन्या नोंदींवरचा आहे, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीचा नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांना गोळी द्या, असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी विचार करून दिलेली गोळी परस्पर थांबवू नका.

या गोळीबद्दल गैरसमजही बरेच. ‘ही रक्त पातळ करणारी गोळी.’ नाही. ते काम ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचं.

‘लिव्हर जातं.’ गंभीर इजा फारच क्वचित होते.

‘अंग दुखतं.’ स्टॅटिन घेणाऱ्यांची नव्वद टक्क्यांहून जास्त स्नायुदुखी या गोळीमुळे नसते, असं ‘लॅन्सेट’ने 2022 साली छापलं. मात्र दुखणं तीव्र असेल आणि लघवी गडद होत असेल, तर लगेच दाखवा.

‘गोळी चालू आहे, आता थोडी तंबाखू चालेल.’ अजिबात नाही! किती वेळा सांगायचं?

मानेतल्या धमन्यांची डॉपलर तपासणी करायची का, हे पुढच्या भेटीत विचारा. त्यात सुई नसते, जेल लावून यंत्र मानेवर फिरवतात. आणि घरच्यांना एक विनंती. ऑपरेशनमुळे ज्याचा ओठ आधीच वाकडा आहे, बोलणं जड आहे, त्याला आलेला पक्षाघाताचा झटका चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. हात अचानक लुळा पडला, किंवा एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधार येऊन गेला, तरी सकाळची वाट पाहू नका. तसंच उठून रुग्णालय गाठा.