आवाज नेमका कुठे बिघडतो?

घरच्या संगणकावर कथावाचन, गाणे किंवा व्याख्यान ध्वनिमुद्रित केले आणि आवाज खराब आला, की पहिला संशय माईकवर जातो. नवा माईक येतो, आवाज तसाच राहतो. कारण बहुतेक वेळा दोष खोलीत किंवा सेटिंगमध्ये असतो. तो शोधायचा तर आवाज ‘खराब’ आहे म्हणजे नेमका कसा आहे, हे आधी कान देऊन ऐकावे लागते. घुमणे, गुणगुण, फाटणे, चेपणे आणि टकटक या पाच वेगळ्या तक्रारी आहेत.

सर्वांत जास्त आढळते ते घुमणे. फरशी, गुळगुळीत भिंती आणि खिडकीची काच यांवर आदळून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि बोलणारा न्हाणीघरात उभा असल्यासारखा वाटतो. माईकपासूनचे अंतर दुप्पट झाले, की तोंडून थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, पण खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणून माईक तोंडापासून एका वितीवर आणणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. पुष्कळसे माईक समोरचा आवाज अधिक टिपतात; तेव्हा जाड गोधडी माईकच्या नव्हे, बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट पाठीशी असले तरी चालते. पंखा मात्र बंदच हवा. इतक्या जवळून बोलताना प, फ, भ या अक्षरांची फुंकर थेट माईकवर बसते, म्हणून माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवावा.

सलग खालच्या सुरातली गुणगुण ही विजेची खूण. भारतात वीजप्रवाह 50 हर्ट्झचा असल्याने ती 50, 100, 150 हर्ट्झवर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करून पाहावे. गुणगुण थांबली, तर दोष चार्जरकडून किंवा घराच्या अर्थिंगमधून येतो आहे. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तरी करू नये; त्यात जिवाला धोका आहे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि माईकची वायर विजेच्या वायरींपासून दूर ठेवावी.

आवाज फाटतो तो लेव्हल जास्त ठेवल्याने. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा. तिच्यावर गेलेली लहर छाटली जाते आणि मागाहून आवाज कमी केला तरी पूर्ववत होत नाही. सर्वांत मोठा स्वर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील अशी लेव्हल लावावी. विंडोजमध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ अनेकदा वाढवलेला असतो. तो खाली आणावा. बोलणे थांबताच खरखर वर येत असेल, तर लेव्हल आपोआप वाढवणारी सोय चालू आहे असे समजावे आणि ती बंद करावी.

आवाज टेलिफोनसारखा चेपलेला येत असेल, तर ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरात आहे का ते पाहावे. तो माईक सुरू होताच जोडणी बहुधा संभाषणासाठीच्या हलक्या दर्जावर उतरते आणि ‘स’सारख्या अक्षरांची धार जाते. टकटक किंवा मध्येच तुटणे हे संगणक कामाच्या ओझ्याखाली असल्याचे लक्षण. इतर प्रोग्रॅम बंद करावेत आणि ध्वनिमुद्रणाच्या सेटिंगमधला बफर, म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा, वाढवावा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला पाच सेकंद कोणीही न बोलता जाऊ द्यावेत. ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्रॅम त्या शांत तुकड्यावरून पार्श्वभूमीची खरखर ओळखतो आणि बाकीच्या ध्वनिमुद्रणातून ती बरीच कमी करतो. घुमारा त्याने जात नाही. त्यासाठी गोधडीच टांगावी लागते.