ड्रॅगनचा किल्ला दुकानात ठेवायचा का? दिवाळीचा माल भरण्याआधी सात कसोट्या



या आठवड्याच्या व्हिडिओत टेबलावर एक मोठा बॉक्स तुम्ही पाहिला असेल. वर निळे मनोरे, लाल झेंडे, आग ओकणारा ड्रॅगन आणि आत प्लास्टिकचे ठोकळे. जोडून किल्ला करायचा. सध्या तालुक्याच्या बाजारपेठेत असे बॉक्स येऊ लागलेत आणि शहापूर, मुरबाड, वाशिंद, खर्डी भागातले दुकानदार विचारतात, "सर, दिवाळीला हे भरू का?"

व्हिडिओत वीस मिनिटांत सगळं सांगता येत नाही. म्हणून हिशोबासकट इथे लिहितोय. बॉक्स कुठल्या कंपनीचा ते सांगणार नाही. आपल्याला कोणाची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही. शिकायची आहे ती तपासायची पद्धत. उद्या तुम्ही ठोकळ्यांऐवजी पणत्या, छत्र्या किंवा शाळेची दप्तरं भरलीत, तरी हीच पद्धत वापरता येईल.

आधी थोडा इतिहास, कारण तो धंद्याचा आहे

ठोकळ्यांचा राजा म्हणजे लेगो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात 1932 मध्ये एका सुताराने लाकडी खेळण्यांचा कारखाना सुरू केला. आज आपण पाहतो त्या ठोकळ्याचं, म्हणजे वर बटणं आणि आत नळ्या असलेल्या रचनेचं, पेटंट त्यांनी 28 जानेवारी 1958 ला मागितलं. 1978 मध्ये त्यांचा पिवळा किल्ला आला आणि तेव्हापासून किल्ला हा त्यांचा हुकमी विषय झाला.

पुढे पेटंटची मुदत संपली. ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखायचा प्रयत्न झाला, तोही 2010 मध्ये युरोपच्या न्यायालयात टिकला नाही. त्यामुळे आज कोणीही त्याच मापाचे ठोकळे करू शकतो. स्वस्त बॉक्स बाजारात दिसतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. मात्र आकार सारखा असला म्हणजे दर्जा सारखा असतो असं नाही. दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर, ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, ही मापं सगळ्यांना ठाऊक आहेत. हजारो ठोकळ्यांत ती केसभरही न चुकता पाळणं, यासाठी लेगो जास्त पैसे घेतं.

कसोटी 1: प्रति नग दर काढा, पण त्यावर थांबू नका

लेगोचेच तीन किल्ले घेऊ. बाजारात आले तेव्हाच्या अमेरिकेतल्या छापील किमती पाहा. 2021 चा मध्ययुगीन किल्ला: 1,426 नग, सुमारे 100 डॉलर. 2022 चा सिंह सरदारांचा किल्ला: 4,514 नग, सुमारे 400 डॉलर. 2018 चा हॅरी पॉटरच्या शाळेचा, हॉगवर्ट्सचा किल्ला: 6,020 नग, सुमारे 400 डॉलर.

भागाकार केला तर पहिला नगाला 7 सेंट, दुसरा जवळजवळ 9 सेंट आणि तिसरा साडेसहा सेंट पडतो. म्हणजे हॉगवर्ट्स सगळ्यात स्वस्त? घाई करू नका. त्यात बारीक बारीक नग खूप आहेत आणि माणसंही नखाएवढी आहेत. तो कपाटात मांडून ठेवायचा देखावा आहे. पहिला किल्ला मात्र मोडून त्याच ठोकळ्यांतून आणखी दोन वेगळ्या रचना करता येतात. खेळायला घेणाऱ्या पोरासाठी तो जास्त कामाचा.

धान्याच्या दुकानात आपण हेच करतो. किलोचा दर विचारतो, पण मूठभर तांदूळ हातात घेऊन कणी किती ते बघितल्याशिवाय गोणी उचलत नाही.

कसोटी 2: नग मोजा, जोडून ओढून बघा

आमच्या बॉक्सवर 620 नग लिहिले होते. मोजले तर 611 भरले. नऊ कमी. तुम्ही म्हणाल, नऊने काय होतं? गिऱ्हाइकाच्या पोराला दरवाजाची कडी मिळाली नाही, तर तो बॉक्स परत तुमच्या गल्ल्यावर येतो. घाऊकवाला तो परत घेईल का, हे माल उचलण्याआधी विचारायचं.

मग पकड. दोन ठोकळे जोडा, उलटे धरा, हलवा. पडले तर सैल. दातांनी काढावे लागले तर घट्ट. आमच्या बॉक्समध्ये भिंती चांगल्या बसल्या, मनोऱ्याचे गोल तुकडे मात्र सैल होते. तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर मनोरा डुलायला लागला.

कसोटी 3: आयएसआय मार्क

इथे तडजोड नाही. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कच्या जवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये टाकून खरा की खोटा बघा. मार्क नसलेला माल बनवणं, आणणं आणि विकणं, तिन्ही बेकायदा. "मी फक्त दुकानदार आहे" हे उत्तर चालत नाही. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यांना यातून सूट आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात बारीक तुकडा अडकू शकतो. तसा इशारा आणि वय बॉक्सवर लिहिलेलं हवं. विकताना तोंडीही सांगा. घरात रांगतं बाळ असेल तर ड्रॅगनची शेपटी कुठे जाईल याचा नेम नाही.

कसोटी 4: बिल आणि कर

आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यामुळे फार स्वस्त "इम्पोर्टेड" बॉक्स कोणी विनाबिल देत असेल तर सावध राहा. 22 सप्टेंबर 2025 पासून बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. पक्कं बिल घ्या आणि कराचा दर तपासा. दिवा लागणारा, आवाज करणारा ड्रॅगन असेल तर तुमच्या सीएला विचारा.

कसोटी 5: दुसऱ्या दिवशी पोरं परत खेळतात का?

ही कसोटी दुकानात बसून कळत नाही. आम्ही बॉक्स तानसा धरणाजवळच्या एका पाड्यावर नेला. आठ ते बारा वयाची तीन मुलं. चित्रांची पुस्तिका बघत अडीच तासांत किल्ला उभा केला. पुस्तिकेत अक्षर नव्हतं, सगळी चित्रंच, हा मोठा गुण. भाषेची अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर किल्ला मोडलेला. बाहेर दगड रचून त्यांनी आधी डोंगर केला होता आणि त्यावर तटबंदी बांधली होती. खंदकावरचा पूल बाजूला पडला होता. त्यांच्यातल्या मोठ्या मुलीने विचारलं, "सर, यात पाण्याचं टाकं कुठंय?"

पाण्याचं टाकं! या मुलीला किल्ला म्हणजे माहुली. सुमारे 2,800 फुटांचा डोंगर, पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन भाग, बाजूला वजीरचा सुळका. 1635-36 मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्यासाठी जिथे शेवटची झुंज दिली तो हा किल्ला. 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. अशा किल्ल्याला खंदकाची गरज कमी, कारण कडा हीच भिंत. गरज पाण्याची. युरोपातले बरेच किल्ले सपाटीवर, म्हणून तिथे खंदक आणि उचलता पूल. ठोकळ्यांतून ते छान जमतं. डोंगर जमत नाही.

माल चांगला की वाईट, यापुढे एक प्रश्न असतो: तो इथल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यातल्या चित्राशी जुळतो का? आणि बॉक्स फेल झाला असं मी म्हणत नाही. मुलांनी मोडून नवीन केलं, म्हणजे खेळण्याचा जीव टिकला. फक्त गिऱ्हाइकाने त्यात काय बदललं, ते तुम्ही लिहून ठेवायचं.

कसोटी 6: स्पर्धा कोणाशी?

दुकानदार म्हणतो, "शेजारच्या दुकानात असा बॉक्स नाही, म्हणजे स्पर्धा नाही." आपल्याकडे दिवाळीत किल्ल्याची स्पर्धा मातीशी आहे. पोतं, विटांचे तुकडे, चिखल, वरून पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि शिखरावर महाराज. पोरं हा किल्ला फुकटात करतात. विकत काय आणतात? मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज.

जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, सिंधुदुर्गसह मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. शाळांमध्ये किल्ला स्पर्धांना त्याचं निमित्त मिळालंय. ही मागणी तुमच्या दारात आहे. अद्भुतच हवं असेल, तर जव्हार-मोखाड्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंत बोहाड्यात नाचणारे देव-राक्षसांचे मुखवटे आहेतच. ड्रॅगनला इथे तोडीस तोड भिडू आहे.

कसोटी 7: भांडवल कधी सुटतं?

आता वही काढा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

हातात 10,000 रुपये आहेत. बॉक्स घाऊक 780 ला, असे 12 बॉक्स: 9,360. गाडीभाडं, हमाली, चहापाणी: 640. झाले 10,000. विक्री 1,100 ला.

- 12 ही गेले: 13,200. नफा 3,200.
- 9 गेले: 9,900. अजून तुमचे शंभर रुपये बाकी!
- 7 गेले: 7,700. म्हणजे 2,300 रुपये पाच बॉक्समध्ये अडकले.

नीट बघा. पहिले नऊ बॉक्स फक्त तुमचंच भांडवल परत देतात. सगळा नफा शेवटच्या तीन बॉक्समध्ये आहे आणि तेच विकायला सगळ्यात अवघड. भाऊबीज उलटली की बाजार ओसरतो. या भागात तर दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला निघून जातात. गिऱ्हाईकच गावात उरत नाही. हे तुमच्या बाजाराचं वास्तव आहे, शहरातला ट्रेनर ते तुम्हाला सांगणार नाही.

आता दुसरी मांडणी. फक्त 4 बॉक्स: 3,120. खर्च तोच 640. उरलेल्या 6,240 मध्ये सरासरी 26 रुपयांचे 240 मावळे. दहा टक्के फुटतील असं धरा, 216 उरले. ते 40 रुपयांनी विकले: 8,640. बॉक्सचे 4,400. एकूण 13,040, नफा 3,040.

नफा 160 रुपयांनी कमी. पण समजा बॉक्स दोनच गेले. मावळे सगळे गेले तर 10,840 हातात येतात. भांडवल सुटलं, वर दोन बॉक्स शिल्लक. आणि 40 रुपये असलेलं पोरगं तुमच्या दुकानात येऊ शकतं, 1,100 रुपयांसाठी त्याला बापाची बोनसची वाट बघावी लागते. शिल्लक बॉक्स जानेवारीत म्हसा यात्रेत किंवा वाढदिवसाच्या भेटीसाठी काढता येतात. मावळ्यांना मात्र पुढच्या दिवाळीची वाट बघावी लागेल, म्हणून मागच्या वर्षीच्या खपाचा अंदाज घेऊनच भरा. 240 विकले जाणार नाहीत असं वाटत असेल तर 120 घ्या आणि उरलेले पैसे बँकेत राहू द्या. पैसे न गुंतवणं हाही धंद्यातलाच निर्णय आहे.

माझा निकाल

आमच्या बॉक्सला दहापैकी सहा. पुस्तिका आणि भिंतींना पूर्ण गुण, मनोऱ्याला आणि नऊ नगांना वजाबाकी. आयएसआय मार्क खरा निघाला, नाहीतर गुण द्यायचा प्रश्नच नव्हता. शहापूर, आटगाव, मुरबाडच्या दुकानात तीन-चार नग ठेवा, त्यातला एक जोडून काउंटरवर मांडा. तो जोडताना खाली चार दगड ठेवा आणि शेजारी महाराज, मावळे मांडा. गिऱ्हाईक दोन्ही एकदम घेईल.

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानातला सगळ्यात महाग पडून असलेला माल काढा आणि त्याला या सात कसोट्या लावा. त्याच्यामागे किती नग विकल्यावर भांडवल सुटतं, तो एकच आकडा कागदावर लिहून गल्ल्याच्या आत चिकटवा. पुढचा माल भरायला निघाल तेव्हा तो आकडा बघूनच शटर ओढा.

पुढच्या व्हिडिओत बचत गटाच्या ताईंसाठी दिवाळी फराळाची किंमत कशी ठरवायची ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, उधारी वसूल करा!