आज गळणारा केस आणि तीन महिन्यांपूर्वीचे कारण

बाळंतपण सुखरूप पार पडलेले असते. बाळाचा बाप्तिस्मा होऊन गेलेला असतो. बाळंतीण माहेराहून परतून घरकामाला लागलेली असते, आणि अशा वेळी एके सकाळी तिच्या फणीत केसांचा पुंजका निघतो. दुसऱ्या दिवशी तितकाच, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी विहिरीच्या पाण्याला दोष देते, कोणी नव्या साबणाला, तर कोणी म्हणते दृष्ट लागली. एखादी शेजारीण, अंगावर पाजल्याने आईचे सत्त्व निघून जाते असे सांगून, बाळाचे दूध तोडण्याचाही सल्ला देते. हा सल्ला सर्वांत घातक होय. कारण त्यात आईच्या केसांचा काडीचाही लाभ नसतो आणि बाळाचे मात्र मोठे नुकसान होते. म्हणून केस कसा वाढतो व का गळतो, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा समजून घेणे अगत्याचे आहे.

केसाच्या तीन अवस्था

डोक्यावर आपल्याला दिसणारा केस हा वस्तुतः निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालील त्याचे मूळ. आपल्या डोक्यावर अशी सुमारे एक लाख मुळे असतात आणि प्रत्येक मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालते. पहिली अवस्था वाढीची. ती दोन ते सहा वर्षे टिकते व या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दुसरी अवस्था संक्रमणाची. दोन-तीन आठवड्यांत मूळ आखडते आणि केसाची वाढ थांबते. तिसरी अवस्था विश्रांतीची. सुमारे तीन महिने तो केस वाढ न होता नुसता जागेवर राहतो व अखेरीस गळतो. त्याच मुळातून पुढे नवा केस वर येतो.

आंब्याचे झाड कधी निष्पर्ण दिसत नाही. पण म्हणून त्याची पाने गळत नाहीत असे नाही. ती थोडी थोडी गळतात व नवी येत राहतात. निरोगी डोक्याचेही तसेच आहे. एक लाख केसांपैकी दहावा हिस्सा विश्रांतीत आहे असे धरल्यास ते दहा हजार झाले. ते शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. तेव्हा दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नव्हे, तो निसर्गक्रम आहे.

बाळंतपणानंतर काय होते

गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वाढलेले असते. त्याच्या प्रभावाने, विश्रांतीची पाळी आलेले केसही वाढीच्या अवस्थेतच राहतात. शेवटच्या महिन्यांत वेणी दाट दिसते ती यामुळेच. प्रसूतीनंतर हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि थोपून राहिलेले सारे केस एकदम विश्रांतीला जातात. पुढे दोन ते चार महिन्यांनी ते एकदमच गळू लागतात. आंब्याने जणू काही काळ सागाची रीत उचलावी, तसा हा प्रकार असतो. बहुतेक स्त्रियांचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. यात अंगावर पाजण्याचा काही दोष नाही.

मोठ्या तापानंतरही असेच घडते. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, अतिरक्तस्राव, दीर्घ उपासमार किंवा तीव्र दुःख अशा प्रसंगी अनेक मुळे वाढ थांबवून विश्रांतीला जातात व तीन महिन्यांनी त्याचा परिणाम दिसतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकारास ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असे नाव दिले. २०२० व २०२१ साली करोनाच्या आजारातून उठलेल्या अनेकांना याचा अनुभव आला. म्हणून केस गळू लागले की आजच्या साबणाला दोष देण्यापूर्वी दिनदर्शिकेची दोन-तीन पाने मागे उलटून पाहावीत. कारण बहुधा तेथे सापडते.

उपाय कोणते

सर्वांत मोठा उपाय ताटात आहे. बाळंतिणीला हे वर्ज्य, ते वर्ज्य असे करून डाळी, हिरव्या भाज्या व मासळी तिच्यापुढून काढून घेण्याची चाल काही घरांत अद्याप आहे. ती सोडून द्यावी. कडधान्ये, अंडी, मासे, नाचणी, हळीव, शेवग्याचा पाला, लाल माठ हे तिला आवर्जून द्यावे. जेवणात लिंबू पिळल्यास भाजीतील लोह अंगी लागते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास ते वाया जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सरकारी आरोग्य केंद्रातून प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या अर्ध्यावर टाकू नयेत.

खोबरेल तेल अवश्य लावावे. धुताना होणारी केसातील प्रथिनांची झीज त्याने कमी होते. परंतु मुळाचे वेळापत्रक तेलाने बदलत नाही. ओले केस ओढून विंचरू नयेत. मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून गुंता काढत वर यावे. वेणी रोज करकचून बांधल्यास कपाळाकडील मुळे कायमची दुखावतात. मुंडण केल्याने केस दाट येतात हाही भ्रमच आहे. वस्तरा निर्जीव केसावर चालतो, मुळापर्यंत पोहोचत नाही.

महागड्या औषधी बाटल्यांविषयी एक गोष्ट ध्यानात असावी. चौथ्या महिन्यात बाटली आणली आणि सातव्या महिन्यात गळती थांबली, तर श्रेय बाटलीला मिळते. वस्तुतः ती तशीही थांबणारच होती.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

डोक्यावर नाण्याएवढी चाई पडल्यास, खवले, खाज वा पू दिसल्यास, गळतीबरोबर थकवा, धाप किंवा अकारण वजनवाढ असल्यास विलंब करू नये. रक्तातील लोह व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. तापानंतरची गळती सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरची वर्षभरात न थांबल्यासही दाखवावे. पुरुषांचे कपाळ व टाळू हळूहळू विरळ होणे हा प्रकार निराळा व बहुधा आनुवंशिक असतो.

एकाच गावात अनेकांचे केस अचानक गळू लागले तर आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. २०२४ चे वर्ष संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात असे घडले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातील अतिरिक्त सेलेनियमशी असल्याचे मांडले. हे द्रव्य अल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असते. अधिक झाल्यास त्यानेच केस गळतात. तेव्हा जीवनसत्त्वांच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला, तर मूळच उपटून आले असे समजून पुष्कळ भगिनी घाबरतात. तसे नसते. तो विश्रांती पुरी झालेला केस आहे. मूळ त्वचेखाली शाबूत असते. थोड्याच महिन्यांत कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसू लागतील. महिन्याला एक सेंटिमीटर, म्हणजे हातभर वेणी पुन्हा व्हायला तीन-चार वर्षे लागणार. तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी बाळंतिणीला टोमणे मारू नयेत. तिला पोटभर अन्न, थोडी झोप व धीराचा एक शब्द द्यावा.